कफातील रक्त : कारण कोणते आणि खर्च कोणाचा?

(झाशी येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खोकल्यावाटे रक्त पडणे या लक्षणावर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. निदान व उपचार हे डॉक्टरांचे काम आहे. त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. परंतु या लक्षणामागील कारण ठरविणे ही केवळ वैद्यकीय घटना नसते. कारणाला जे नाव दिले जाते, त्यावरून उपचाराचा, बुडालेल्या मजुरीचा आणि प्रसंगी मृत्यूनंतर कुटुंबाच्या निर्वाहाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार हे ठरते. शासनाच्या, मालकाच्या की रोग्याच्या स्वतःच्या? झाशी व तिच्या आसपासच्या बुंदेलखंडात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. त्याचे कारण येथील खडकात दडलेले आहे. त्याकडे आपण येऊच. तत्पूर्वी लक्षण नीट समजून घेऊ.

तोंडावाटे आलेले प्रत्येक रक्त फुप्फुसातले नसते. हिरड्यांतून, नाकाच्या मागील भागातून किंवा जठरातूनही रक्त येते. जठरातून उलटीवाटे येणारे रक्त बहुधा काळपट, अन्नकणमिश्रित व आम्लधर्मी असते. फुप्फुसातून खोकल्यावाटे येणारे रक्त लालभडक, फेसाळ आणि कफात मिसळलेले असते. हा फरक रोग्यालाही सांगता येतो, आणि तो विचारायला एक पैसाही लागत नाही.

फुप्फुसाला दोन मार्गांनी रक्त मिळते. हृदयाच्या उजव्या बाजूकडून येणारे रक्त कमी दाबाचे असते. श्वासनलिकांचे पोषण करणाऱ्या धमन्या महाधमनीपासून निघतात व त्यांतील दाब शरीरातील इतर धमन्यांएवढा असतो. मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या रक्तस्रावांपैकी बहुसंख्य या दुसऱ्या प्रकारच्या धमन्यांतून होतात. जुनाट दाह असला की या धमन्या जाड व वेड्यावाकड्या होतात आणि एखाद्या खोकल्याच्या उबळीने फुटतात. अशा वेळी रोगी दगावतो तो बहुधा रक्त कमी झाल्याने नव्हे, श्वासमार्गात रक्त भरून गुदमरल्याने. म्हणून थुंकीत रेघेएवढे रक्त दिसले तरी तपासणी करावी आणि वाटीभर रक्त पडले तर तत्काळ रुग्णालय गाठावे, असे डॉक्टर सांगतात.

भारतात या लक्षणाचे पहिले संशयित कारण क्षयरोग हेच आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसात पोकळी निर्माण करतात, तिच्या भिंतीतील रक्तवाहिनी कुरतडली जाते आणि रक्त येते. हा रोग गरीब-श्रीमंत पाहत नसे, असे पूर्वी म्हणत. ज्यांच्या अमलाखाली त्या काळी ही झाशी होती, ते थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे राजयक्ष्म्याने वारले. वय अवघे २७. एवढ्या मोठ्या राज्याच्या खजिन्यालाही जे औषध विकत घेता आले नसते, ते आज सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले परिणामकारक औषध १९४३ मध्ये हाती आले. मधल्या साठ वर्षांत रोगाचे कारण ठाऊक होते, पण उपाय नव्हता. चांगली हवा, विश्रांती व सकस आहार देणारी आरोग्यधामे एवढाच आधार होता आणि तो ज्यांना परवडे त्यांनाच मिळे.

या ठिकाणी परीक्षार्थींनी एक प्रयोग अवश्य ध्यानात ठेवावा. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या व १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरोग्यांचे दोन गट करण्यात आले. एकाला आरोग्यधामात ठेवून, दुसऱ्याला त्याच्या साध्या, दाटीवाटीच्या घरी ठेवून तीच औषधे दिली. दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे आले आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही आढळले नाही. विकसनशील देशाच्या अर्थसंकल्पाच्या दृष्टीने हा निष्कर्ष किती मोलाचा होता! खाटा बांधण्याचा खर्च टळला आणि तोच पैसा औषधांकडे वळविता आला. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम, १९९७ पासूनचा सुधारित कार्यक्रम आणि २०२० पासून 'राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम' हे नाव धारण केलेली आजची व्यवस्था ही सर्व या पायावर उभी आहे. माझ्या मते भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढ्या थोड्या खर्चात एवढे मोठे धोरण बदलणारा दुसरा अभ्यास क्वचितच सापडेल.

प्रगती झाली आहे, हे आकडे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दर लाख लोकसंख्येमागे दरवर्षी होणारे नवे क्षयरोगी २०१५ मध्ये २३७ होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. तरीही जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्याच देशात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेलेले नव्हते. त्यांतील बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले होते. खोकला अंगवळणी पडतो, रक्त मात्र भीती घालते. त्यामुळे पुष्कळांच्या बाबतीत दवाखान्याची पायरी चढविणारी सूचना रक्त हीच ठरते, आणि ती उशिरा येते. तोवर फुप्फुसाची हानी झालेली असते, घरातील इतरांना लागण झालेली असते आणि मजुरी बुडालेली असते. राष्ट्रीय कार्यक्रमाचा निकष म्हणूनच असा आहे की, दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला असेल तर थुंकी तपासावी; रक्त पडले असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये.

आता क्षयाखेरीजची कारणे. फुप्फुसाचा कर्करोग, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या चाळिशीपुढील व्यक्तींत, न्यूमोनिया, श्वासनलिकांचा जुनाट दाह, लहानपणी सांधेज्वर होऊन हृदयाची डावीकडची झडप अरुंद झाल्यास फुप्फुसात वाढणारा दाब, पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकणे, रक्त पातळ करणारी औषधे. ईशान्य भारतात, मणिपूर व नागालँडकडे, कच्चे किंवा अर्धवट शिजविलेले खेकडे खाल्ल्याने फुप्फुसात शिरणारा एक चपटा कृमी हुबेहूब क्षयासारखीच लक्षणे दाखवितो आणि त्या रोग्यांना क्षयाची औषधे निष्कारण दिली जातात. स्थानिक आहार माहीत नसलेल्या डॉक्टरला तो रोग सुचणारच नाही. झाशीत खेकड्यांचा प्रश्न नाही, पण स्थानिक माहितीवाचून निदान चुकते हा धडा येथेही लागू आहे.

आणखी एक कारण थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. क्षय बरा झाला, जंतू गेले, परंतु फुप्फुसात पोकळी राहिली, श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या. त्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा वाढतो. अशा माणसाला औषधोपचार पूर्ण झाल्यावर पाच-दहा वर्षांनी पुन्हा रक्त पडते. सरकारी दप्तरी तो 'बरा झालेला' असतो. स्वतःच्या दृष्टीने तो पुन्हा आजारी आहे. थुंकीत जंतू न सापडताही त्याला केवळ छातीच्या छायाचित्रावरून क्षयाची औषधे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिली जाण्याचा धोका असतो. वास्तविक त्याला गरज असते ती फुटलेली धमनी नळीवाटे बंद करण्याच्या उपचाराची किंवा शस्त्रक्रियेची. हे उपचार मोठ्या रुग्णालयातच होतात. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला रुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दाखल होण्याआधीच्या महिनोन्महिने चालणाऱ्या बाह्यरुग्ण तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार मात्र बहुतांशी कुटुंबावरच राहतो. आजारापायी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक भार पडला, तर क्षयरोगाच्या संदर्भात त्याला विनाशकारी खर्च म्हणतात. या व्याख्येत मजुरीतील तोटाही धरला जातो, ही गोष्ट उत्तर लिहिताना विसरू नका.

आता झाशीच्या खडकाकडे वळू. झाशीचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांगिरा नावाच्या टेकडीवर बांधला. ही टेकडी ग्रॅनाइटची आहे. संपूर्ण बुंदेलखंडाचा पाया याच अतिप्राचीन ग्रॅनाइट व तत्सम खडकांचा असून त्यातून गारगोटीच्या लांबच लांब भिंती ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने उभ्या आहेत. शेतीला हा खडक मारक आहे. मातीचा थर पातळ, पाणी मुरत नाही, विहिरी उन्हाळ्यात आटतात. २००९ मध्ये केंद्र सरकारने उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशातील बुंदेलखंडासाठी ७,२६६ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले, ते याच दुष्काळी स्थितीमुळे. शेती पोटाला पुरेना की माणसापुढे दोन वाटा राहतात. एक, दिल्लीकडे किंवा अन्यत्र मजुरीसाठी जाणे. दुसरी, तोच खडक फोडणे. झाशीच्या आसपास, महोबा जिल्ह्यातील कबरई येथे आणि पलीकडे पन्ना जिल्ह्यातील दगडखाणींत ही दुसरी वाट स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक तुलना उपयोगी पडेल. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मोकळी, स्फटिकरूप सिलिका नाममात्र असते. ग्रॅनाइटमध्ये ती साधारणतः पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत व त्याहून अधिकही असते; गारगोटी तर जवळजवळ संपूर्ण सिलिकाच. म्हणजे पुण्याजवळचा खडी कारखाना व झाशीजवळचा खडी कारखाना यंत्राने, मालकीने, मजुरीने सारखे असतील. परंतु त्यांच्या धुळीची फुप्फुसावरील किंमत सारखी नाही. (बेसाल्टची धूळ निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पूर्व विदर्भातही ग्रॅनाइटवर्गीय खडक आहेत.)

सिलिकाचे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात. दिसणारी धूळ नाकात व घशात अडकते. न दिसणारी वायुकोशांपर्यंत पोहोचते. तेथील संरक्षक पेशी हे कण गिळतात आणि मरतात. कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते व मरते. या चक्रातून फुप्फुसात कठीण गाठी बनतात. हा सिलिकोसिस. त्याला बरे करणारे औषध नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो. मात्र निव्वळ सिलिकोसिसमध्ये खोकल्यावाटे रक्त पडणे हे नेहमीचे लक्षण नव्हे. त्यात दम लागतो, कोरडा खोकला येतो. सिलिकोसिसच्या रोग्याला रक्त पडू लागले की प्रथम क्षयाचीच शंका घ्यावी लागते, कारण सिलिकाने निकामी केलेल्या त्याच पेशी क्षयाच्या जंतूंशी लढणाऱ्या असतात. अशा कामगाराला क्षय होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. दोन्ही रोग एकत्र आले की त्याला सिलिको-ट्युबर्क्युलोसिस म्हणतात.

निदानातील गोंधळ दोन्ही दिशांनी होतो. सिलिकोसिसच्या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. क्षयाचा डागही तेथेच दिसतो. क्षय नसताना छायाचित्र पाहून क्षयाची औषधे सुरू होतात, सहा महिन्यांनी दम तसाच राहतो, पुन्हा औषधे सुरू होतात. उलट, दोन्ही रोग असताना क्षय तेवढा सापडतो, त्यावर उपचार होतो आणि धुळीचा रोग कागदावर येतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. जनुकीय तपासणीला (सीबीनॅट) शे-दीडशे पुरतात, उत्तर दोन तासांत मिळते आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात की नाही हेही कळते. या यंत्रामुळे 'क्षय आहे की नाही' हा प्रश्न पुष्कळ सुटला आहे. 'धूळ किती वर्षे घेतली' हे मात्र कोणतेही यंत्र सांगणार नाही. ते रोग्याला विचारावे लागते. नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' एवढाच शब्द पडला, तर पुढील सर्व दारे तेथेच बंद होतात.

ही दारे कोणती? क्षयरोग हा समाजात पसरणारा, सार्वजनिक स्वरूपाचा रोग मानून त्याचा खर्च शासन उचलते. औषधे मोफत आहेत. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली उपचारकाळात दरमहा ५०० रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग असून त्याची भरपाई मालकाने द्यावयाची असते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचा उल्लेख होता. सिलिको-ट्युबर्क्युलोसिसचाही होता, परंतु एका अटीवर : आलेल्या अपंगत्वाला वा मृत्यूला सिलिकोसिस हा अत्यावश्यक घटक असला पाहिजे. या एका अटीत सगळे अर्थशास्त्र आले. मृत्यूचे कारण 'क्षय' असे नोंदले गेले तर मालकाचे दायित्व शून्य. 'सिलिकोसिससह क्षय' असे नोंदले गेले तर दायित्व सिद्ध होऊ शकते. उत्पादनाचा जो खर्च उत्पादक स्वतः न सोसता दुसऱ्यावर ढकलतो त्याला आपण बाह्यता म्हणतो. खडीचा बाजारभाव कमी राहतो, कारण त्यातील काही भाग मजुराच्या फुप्फुसाने आणि काही भाग क्षयरोग कार्यक्रमाच्या अर्थसंकल्पाने भरलेला असतो. रस्त्याच्या निविदेत हा आकडा कोठेही दिसत नाही.

त्याच कायद्यात एक चांगली तरतूद होती. हळूहळू जडणाऱ्या अशा रोगांत कामगाराने अनेक मालकांकडे काम केलेले असेल, तर त्या सर्वांनी आयुक्त ठरवील त्या प्रमाणात भरपाईचा वाटा उचलावा. कायदा करणाऱ्यांना मजुराचे फिरते जीवन माहीत होते असे दिसते. पण वाटा ठरविण्यासाठी कोणाकडे किती काळ काम केले याचा कागद लागतो आणि हजेरीपट ठेवणे मालकाच्या हाती असते. शिवाय झाशी जिल्ह्याच्या भोवती मध्य प्रदेशाची हद्द अशी गुंतलेली आहे की दतिया, ओरछा ही गावे जवळ असूनही दुसऱ्या राज्यात आहेत. मजूर एका राज्यात खडी फोडतो, राहतो दुसऱ्या राज्यात आणि उपचार घेतो सोयीच्या शहरात. झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून या सर्व परिसराला जवळचे. राज्यागणिक कामगार विभाग वेगळा, नोंद वेगळी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने १९४८ च्या कारखाने अधिनियमाची आणि १९५२ च्या खाण अधिनियमाची जागा घेतली आहे. सिलिकोसिस हा तिच्यातही अधिसूचित रोग आहे, म्हणजे तो आढळल्यास मालकाने व डॉक्टरने तसे कळविणे बंधनकारक आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी पूर्वी १० कामगारांची मर्यादा होती, ती आता २० झाली आहे. लहान खडी कारखान्यांचा विचार करता ही वाढ मला चिंतेची वाटते. धोकादायक कामाच्या बाबतीत एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. खडी फोडण्याच्या कामाला तो वापरला जाईल की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

मालक सापडत नाही, कागद नाही, तर काय करावे? राजस्थानने २०१९ मध्ये धूलिजन्य फुप्फुसरोगांविषयी स्वतंत्र धोरण आखले. प्रमाणपत्र मिळताच रोग्याला तीन लाख रुपये व मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये देण्याची तरतूद केली. मालक-कामगार संबंध सिद्ध करण्याची अट त्यात मदतीच्या आड येत नाही. पैसा उभारण्याचा एक मार्ग म्हणजे २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने निर्माण झालेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खनिज काढणाऱ्याकडून घेतलेली वर्गणी खनिजाने आजारी पडलेल्यावर खर्च करणे यात तात्त्विक सुसंगती आहे. अशा धोरणावर एक आक्षेप रास्त आहे : भरपाई शासकीय निधीतून मिळू लागली की धूळ कमी करण्याचे मालकावरील दडपण कमी होते. खडकावर पाणी फवारणे, ओल्या पद्धतीने छिद्रे पाडणे, यंत्राला आच्छादन घालून धूळ शोषून घेणे हे उपाय जुने व सर्वज्ञात आहेत. बुंदेलखंडात पाण्याचीच टंचाई असल्याने पहिला उपाय उन्हाळ्यात महाग पडतो, हेही खरे. तोंडाला बांधलेला गमछा मात्र या कणांना अडवीत नाही.

क्षयाच्या बाजूनेही एक स्वस्त उपाय सिद्ध झालेला आहे. झारखंडमधील 'रेशन्स' या चाचणीत क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना सहा महिने दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्ये दिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. येथील खडी मजुराच्या घरी ही पिशवी पोहोचली तर त्याच्या बायकामुलांचा क्षयाचा धोका कमी होईल. त्याच्या स्वतःच्या फुप्फुसातील सिलिका तेथेच राहील.

तुमच्यापैकी काही जण उद्या तहसीलदार, कामगार अधिकारी किंवा जिल्हाधिकारी होतील. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या बैठकीत खर्चाचे प्रस्ताव तुमच्यापुढे येतील. त्यांत इमारती आणि रस्ते पुष्कळ असतील. त्या वेळी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याकडून एक साधी यादी मागवा : दोनदा किंवा अधिक वेळा क्षयाचे उपचार घेतलेले, थुंकीत जंतू न सापडलेले आणि कधी ना कधी दगडाचे काम केलेले रोगी किती? ही यादी जिल्ह्यातच, दोन खात्यांच्या दोन नोंदवह्यांत अर्धी-अर्धी पडून असते.